पुराची खरी साक्ष

न्यायसभेत उभे राहून शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलणे हे पाप आहे, हे आपल्या शब्बाथशाळेतील लहान मूलही सांगेल. परंतु पाऊस, ऊन व पूर यांविषयी आपण जे बोलतो त्यालाही साक्षीचा नियम लागू आहे काय? "असा पाऊस पूर्वी कधी पडलाच नाही," असे एक जण म्हणतो. "छे, पूर तर आजोबांच्या काळापासून येतात," असे दुसरा म्हणतो. दोघेही मनापासून बोलतात, पण जुनी नोंदवही दोघांनीही उघडलेली नसते. अशा बोलण्याने कोणाचे काही बिघडते काय? सुरत शहराचा अनुभव पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर सापडते.

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, बऱ्हाणपुरावरून खानदेशात येते, भुसावळ व सारंगखेडा मागे टाकून गुजरातेत शिरते आणि सुरतेच्या खाली समुद्रास मिळते. जे पाणी सुरतेच्या रस्त्यांवर चढते त्यातील पुष्कळसे आपल्याच मुलखात पडलेले असते. आणि ते ज्यांच्या घरांत शिरते त्यांतही उधना, लिंबायत या भागांत पोटासाठी गेलेली खानदेशी कुटुंबे कितीतरी आहेत.

सुरतेस नदीची उंची होप पुलापाशी मोजण्याची रीत होती. हा पूल १८७७ साली बांधला गेला, आणि पुरांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासूनच्या आहेत. त्यांतील दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहू. ऑगस्ट १९६८ मध्ये नदीतून सुमारे १५ लाख क्युसेक, म्हणजे दर सेकंदास तितके घनफूट, पाणी वाहिले आणि पातळी १२ मीटरच्या किंचित वर गेली. ऑगस्ट २००६ मध्ये पाणी होते सुमारे ९ लाख क्युसेक. तरी पातळी पुन्हा १२ मीटरच्या वरच गेली. शहराचा फार मोठा भाग कित्येक दिवस बुडाला व शंभराहून अधिक माणसे दगावली.

पाणी कमी असून पूर तितकाच उंच का? मधल्या अडतीस वर्षांत शहर नदीच्या काठावर सरकत आले होते. दोन्ही बाजूंचे बांध, पूरक्षेत्रातील बांधकामे आणि साचलेला गाळ यांनी नदीची वाट अरुंद केली होती. शिवाय सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आहे. त्यात आधी किती पाणी राखले होते आणि ते केव्हा सोडावयास हवे होते, यावर पुढे पुष्कळ वाद झाला.

आता आपले दोन साक्षीदार पाहा. "असे पूर्वी कधी झालेच नाही" म्हणणाऱ्यास १९६८ ची नोंद खोटे ठरविते. "असे नेहमीच होते" म्हणणाऱ्यास २००६ ची नोंद खोटे ठरविते; कारण आकाशातून कमी आले तरी माणसाने केलेल्या अडथळ्यांनी ते तितकेच चढले. पहिल्याच्या बोलण्याने सारा दोष आकाशावर जातो आणि नदीकाठी इमारत उठविणारा सुटतो. दुसऱ्याच्या बोलण्याने कोणी काही करावयास नको असे ठरते. दोहोंचे फळ एकच: पुढच्या पुरात सखल वस्तीतील गरीब मनुष्य बुडतो. म्हणूनच मला वाटते की ही शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष आहे. फरक इतकाच की त्या शेजाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

मग हवामान बदलत नाही, असे समजावे काय? मुळीच नाही. येथेही वहीच बोलते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेशी निगडित असलेले बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या दैनिक नोंदी तपासून २००६ सालीच एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. मध्य भारतात पावसाळ्याचा एकूण पाऊस फारसा बदलला नाही. परंतु मुसळधार दिवसांची संख्या वाढली आणि मध्यम पावसाचे दिवस घटले. तापीचे वरचे खोरे याच पट्ट्यास लागून आहे. कारणही समजण्यासारखे आहे. हवा एका अंशाने तापली तर तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाफ मावते. मग पडते तेव्हा एकदम पडते.

वाचकहो, केवळ सरासरी पाहणाऱ्यास यातले काही दिसले नसते. बेरीज तीच राहिली आणि संकट मात्र वाढले. याकरिता जागतिक हवामान संघटनेच्या साहाय्याने तज्ज्ञांनी सत्तावीस मापे ठरविली आहेत. वर्षातील सर्वांत तप्त दिवस कोणता, लागोपाठच्या पाच दिवसांत जास्तीत जास्त पाऊस किती, कोरड्या दिवसांची सर्वांत लांब रांग केवढी, अशी ती मापे आहेत. एकच माप सर्व देशांत लावले, तरच सुरतेची वही दुसऱ्या देशातील वहीशेजारी ठेवता येते.

नोंद कोठे घेतली जाते यालाही महत्त्व आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहरात कुलाब्यास १०० मिलिमीटरही नाही. केवळ कुलाब्याचेच मापक असते तर त्या दिवशी मुंबईत विशेष काही घडले नाही असे कागदोपत्री राहिले असते. ज्या वस्तीत मापक नाही त्या वस्तीचे दुःख वहीत चढत नाही. आणि जे वहीत नाही त्यासाठी सरकारदरबारी पैसाही ठेवला जात नाही.

कोणी विचारील, माणसे बुडत असता आकडे लिहीत बसणे हे निष्ठुरपणाचे नव्हे काय? बुडत्यास आधी हात द्यावा, यात शंका नाही. पण भुसावळ व गिधाडे येथे नदी किती चढली हे कोणी वेळेवर मोजून कळविले, तर खाली सुरतेस घर सोडण्यास काही तास मिळतात. तोही हातच आहे, फक्त लांबून दिलेला. १९९४ सालच्या प्लेगनंतर सुरतेने रस्ते झाडले, त्याबरोबर शहरातील तापाच्या रुग्णांची नियमित मोजणीही चालू केली. शहराचे नाव पुढे स्वच्छतेसाठी झाले त्यात या मोजणीचाही वाटा आहे.

कठीण गोष्ट वेगळीच आहे. पूर येतो त्या वर्षी सारेच मोजतात. पूर न आलेल्या वर्षी, रोज सकाळी ठरल्या वेळी, कोणी पाहत नसता मापकातील पाणी मोजणे हे खरे कष्टाचे काम. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटाचा अंदाज बांधण्यास अशा कित्येक निरस वर्षांची नोंद लागते. ती लिहिणारा तिचे फळ पाहत नाही; ज्यांच्यासाठी लिहितो ती मुले अजून जन्मलेली नसतात. आणि ज्या दिवशी आळसाने अंदाजे आकडा भरला जातो, त्या दिवशी त्या मुलांना फसविले जाते.

आपल्या मंडळीतील सर्वांनाच वेधशाळेत नोकरी मिळणार नाही. परंतु शब्बाथशाळेच्या शिक्षकाला एक साधा पर्जन्यमापक व एक वही यांची व्यवस्था करणे अवघड नाही. मुलांनी पाळीपाळीने पाऊस मोजावा, तारीख घालावी, शून्य असेल तर शून्य लिहावे. आवारातील भिंतीवर पुराचे पाणी कोठवर आले याची रेघ ओढून वर्ष लिहावे, आणि भिंतीला रंग देताना ती रेघ पुसू नये. खरे बोलण्याचा धडा आपण मुलांना तोंडाने पुष्कळदा शिकवितो. कोरड्या दिवसापुढे प्रामाणिकपणे शून्य लिहिताना तोच धडा त्यांच्या हाताला शिकावयास मिळेल.