क्रमांक आणि नाव

(स्तोत्र १४७:४, योहान १०:३)

मंगळ व गुरू यांच्यामध्ये लाखो लघुग्रह फिरतात. त्यांतील ३००१२८ क्रमांकाचा लघुग्रह २००६ साली सापडला. त्याला पंडित जसराज यांचे नाव मिळाले २०१९ साली. तोवर तो माणसांना निनावी होता, देवाला नव्हे. देव ताऱ्यांची गणती करतो व प्रत्येकाला नाव देतो, असे स्तोत्रकर्ता सांगतो.

धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यांत राबायला परगावाहून आलेला एखादा भाऊ कामावर क्रमांकानेच ओळखला जात असेल. तो उपासनेस येऊन मागच्या बाकावरून निघून जातो, तेव्हा त्याचे नाव आपण विचारतो काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, हजेरीचा आकडा लिहिला. गैरहजर मुलाच्या घरी कोण गेले? उत्तम मेंढपाळ नावाने हाक मारतो. येत्या रविवारी एक तरी नाव विचारा आणि त्या नावाने प्रार्थना करा. आमेन.