वामनवृक्ष आणि त्याचा पालक

जपानी भाषेत जिला 'बोन्साय' म्हणतात आणि मराठीत 'वामनवृक्ष' या नावाने जी ओळखली जाते, त्या कलेचा नाद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. सांगली-मिरजेतील गच्च्यांवरही तुळस, मोगरा आणि जास्वंद यांच्या शेजारी उथळ कुंडीत उभा असलेला हातभर उंचीचा वड अधूनमधून दृष्टीस पडतो. ज्याने हा नाद नव्यानेच धरला आहे त्यास दोन प्रकारचे उपदेशक हटकून भेटतात. पहिला सांगतो की, खुजे झाड घरात ठेवल्याने घराची भरभराट खुंटते. या मताचा परामर्श घेण्यात आम्ही वाचकांचा वेळ दवडू इच्छीत नाही. भरभराट खुंटण्याची कारणे सामान्यतः कुंडीहून पुष्कळ मोठी असतात. दुसरा मात्र विचारतो, "त्या मुक्या जिवाचा हा छळ कशासाठी?" या प्रश्नास उत्तर देणे प्राप्त आहे, कारण तो विचारणारा बहुधा सहृदय असतो, आणि ज्यास विचारावयाचा त्याच्याही मनात तो कधीतरी येऊन गेलेला असतो.

हा आक्षेप त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. वडाचा धर्म विस्ताराचा आहे. सांगली जिल्ह्यातील भोसे गावी रस्त्याच्या कडेस एक वड होता. लोक त्याचे वय सुमारे चारशे वर्षांचे मानीत. ज्यांनी तो पाहिला त्यांस वड म्हणजे काय हे निराळे सांगावे लागले नसते. पारंब्यांचे खांब झालेले, पाखरांच्या पिढ्या आणि वाटसरूंच्याही पिढ्या त्याच्या आश्रयास आलेल्या. ज्या बीजातून असा वृक्ष होतो, त्याच बीजातून आलेल्या रोपास चार बोटे खोल पात्रात आयुष्य काढावयास लावणे हा सृष्टिक्रमावर अत्याचार नव्हे काय? आमच्या परंपरेनेही वृक्षास दगडाच्या पंक्तीस बसविलेले नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भृगु आणि भरद्वाज यांच्या संवादात वृक्षांस सुखदुःखाची जाणीव असते असे प्रतिपादन आहे. जैन दर्शन वनस्पतीस एकेंद्रिय जीव मानते, आणि या मुलखात त्या दर्शनाचे अनुयायी असलेली कुटुंबे गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. तेव्हा जीवदया हा येथे केवळ पोथीतला शब्द नाही.

तथापि आक्षेपकाने वस्तुस्थिती पुरती पाहिलेली नसते. वामनवृक्ष उपाशी ठेवून खुजा केला जातो, अशी त्याची समजूत असते. वास्तविक उपाशी झाड खुजे होत नाही, ते मरते. कुंडीतल्या मूठभर मातीतील सत्त्व प्रत्येक पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून त्या झाडास खत अधिक वेळा, पण थोडे थोडे द्यावे लागते. झाड लहान राहते ते शेंडा खुडल्याने आणि मुळे ठरावीक काळाने छाटल्याने. शेंडा खुडला की बाजूचे निद्रिस्त डोळे जागे होतात. जुने मूळ छाटले की नवे बारीक तंतू फुटतात. झाडाची जात मात्र यत्किंचितही बदलत नाही. लहान पात्रात वाढविलेल्या डाळिंबाची पाने कालांतराने बारीक होतात, पण त्यास लागलेले फळ पुष्कळदा त्या इवल्या फांदीस वाकविण्याइतके मोठे भरते. फळ लहान व्हावयास नकार देते, आणि त्यावरून झाडाच्या अंतरंगात काय शाबूत आहे ते कळते. तोच वड उद्या जमिनीत लावा, तो पुन्हा वड होईल. 'पात्रातले झाड' एवढाच अर्थ असलेल्या जपानी शब्दाहून आमचा 'वामन' शब्द आम्हास म्हणूनच अधिक समर्पक वाटतो. बळीच्या दारी आलेला बटु पुढे केवढा झाला हे सर्वांस ठाऊकच आहे.

छाटणीस क्रौर्य म्हणणाऱ्याने एकदा तासगावच्या द्राक्षबागांतून हिंडून यावे. वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी. वर्षातून दोनदा वेल बोडकी होते, तारांवर बांधली जाते, आणि तिने कोणत्या बाजूस किती वाढावे याचा निर्णय बागाईतदार करतो. त्यास कोणी निर्दय म्हणत नाही. कोणी म्हणेल की, तेथे फळासाठी छाटतात, येथे केवळ डोळ्यांच्या सुखासाठी. हा भेद खरा आहे, पण त्याने वेलीस काय फरक पडतो? तिच्या दृष्टीने कात्री ती कात्रीच. आणि भाकरीसाठी केलेले ते क्षम्य व सौंदर्यासाठी केलेले ते अक्षम्य, असा नियम केला तर देव्हाऱ्यातील फुलांपासूनच हिशेब मांडावा लागेल.

तेव्हा आमचे मत असे की, छळाचा आरोप जेथे ठेवला जातो तेथे तो लागू पडत नाही. पण म्हणून वामनवृक्षाचा धनी निर्दोष सुटतो असेही नाही. त्याने झाडावर केलेली खरी क्रिया कात्रीची नाही. ती परावलंबनाची आहे. जमिनीतले झाड तहान लागली तर मुळे खोल धाडते, शेजारच्या ओढ्याचा ओलावा शोधते, एखादा उन्हाळा सोसते. कुंडीतल्या झाडाचा हा मार्ग आपण आपल्या हातांनी बंद केलेला असतो. ज्याची सर्व दारे आपण लावून घेतली, त्यास आपल्या दाराशिवाय दुसरे दार उरत नाही. मूल परावलंबी जन्मते पण रोज थोडे थोडे सुटत जाते. हे झाड कधीच सुटत नाही, आणि जसजसे जुने व सुंदर होते तसतसे त्याच्या जाण्याने होणारी हानी मोठी होते.

सांगलीच्या हवेत याचा अर्थ काय होतो हे नवशिक्यास पहिल्याच वैशाखात कळते. सकाळी भिजविलेली उथळ कुंडी तिसऱ्या प्रहरी कोरडी ठणठणीत होते. तेव्हा दिवसातून दोनदा पाणी, आणि तेही वेळापत्रकाने नव्हे, तर मातीत बोट खुपसून पाहून. कारण अतिपाणी हाही मारण्याचाच एक प्रकार आहे, आणि मायाळू माणसे बहुधा त्याच प्रकाराने मारतात. कृष्णाकाठची काळी माती उसास अमृत असेल, उथळ कुंडीत ती घातक ठरते. ओली झाली की चिखल, वाळली की वीट. चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे, कुजलेले शेणखत असे मिश्रण असावे, आणि तळाच्या छिद्रांतून पाणी धरून न राहता निघून जावे. झाड दिवाणखान्यात ठेवावयाचे नाही. वडास ऊन पाहिजे, वारा पाहिजे. मुळांची छाटणी पावसाच्या तोंडाशी करावी. आणि फांदीस वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार पावसाळ्यात आठवड्यास एकदा तरी पाहावी. वड त्या दिवसांत इतक्या वेगाने जाड होतो की, विसरलेली तार सालीत रुतते व तिचा व्रण वर्षानुवर्षे बुजत नाही. यांतील एकही गोष्ट कठीण नाही. कठीण आहे ते यांस सुटी नसणे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले व कित्येक कुटुंबांस घर सोडून जावे लागले. त्या पावसात गच्चीवरचे झाड बहुधा तग धरते. मे महिन्यातील चार दिवसांचे लग्न मात्र त्यास सहसा सोसत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या सायतामा प्रांतातील एका बागेतून सात वामनवृक्ष चोरीस गेले. त्यांत सुमारे चारशे वर्षांचे मानले गेलेले एक शिम्पाकू जातीचे झाड होते. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आलेल्या घराण्यातील त्या दांपत्याने चोरांस उद्देशून जाहीर विनवणी केली. ती मुख्यतः 'झाडे परत करा' एवढीच नव्हती, तर 'त्यांस पाणी घाला' अशी होती. मालकीचा हक्क हिरावला गेला असतानाही कर्तव्य मात्र त्यांच्याच अंगाशी चिकटून राहिले होते, आणि ते त्यांनी चोराकरवी का होईना पार पाडण्याचा यत्न केला. स्वामित्व आणि पालकत्व यांतील भेद शिकविताना आम्हांस याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

दुसरे एक झाड वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वामनवृक्ष संग्रहालयात आहे. १६२५ पासून कुंडीत जोपासला गेलेला हा पाइन हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरांवर, भिंतीच्या आड तो होता, आणि वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेस भेट देण्यात आला. त्याचा हा इतिहास तेथील लोकांस कळला तो २००१ मध्ये, घराण्यातील नातवंडे त्यास पाहावयास गेली तेव्हा. ज्यांनी बाँब टाकला त्यांच्या देशातील माळी आज त्या झाडास पाणी घालतात. एक माणूस हे काम कधीच पुरे करू शकत नाही. साखळीतील एखादा दुवा जरी म्हणाला असता की 'हे काही माझे नव्हे', तरी कथा तेथेच आटोपली असती.

येथे आक्षेपक पुन्हा उठून म्हणेल की, मोकळ्या झाडास या कशाचीच गरज नाही. तेव्हा परावलंबी करून मग सेवा करण्यापेक्षा ते मोकळेच का राहू नये? आम्ही त्यास पुन्हा भोशाकडे नेऊ. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो वड जाणार होता. लोकांनी हाक दिली, मार्गाची आखणी बदलली, आणि तो राहिला. २०२२ मध्ये तो कोसळला. चारशे वर्षे ज्याने कोणाकडे पाण्याचा थेंब मागितला नाही, त्याचे जीवितही अखेर कागदावरील एका रेघेवर येऊन ठेपले होते. झाड मोकळे असले म्हणजे माणसाच्या हातून सुटले, असे म्हणण्याचे दिवस उरलेले नाहीत. भेद एवढाच की, त्या वडाचा पालक कोण हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि कुंडीतल्या वडाचा पालक कोण याविषयी संशय नाही.

म्हणून या नादातील आम्हांस खरोखर निंद्य वाटणारी गोष्ट निराळीच आहे. अलीकडे सत्कारसमारंभात शाल-श्रीफळाऐवजी वामनवृक्ष देण्याची रीत पडू पाहत आहे. ज्याने कधी कुंडीस पाणी घातलेले नाही अशा सत्कारमूर्तीच्या हातात एक परावलंबी जीव टाळ्यांच्या गजरात देऊन मोकळे व्हावयाचे, हा प्रकार आम्हांस कोणत्याही कात्रीहून निर्दय वाटतो. शाल पेटीत पडून राहू शकते. झाड आठवड्याभरात वाळते, आणि देणारा व घेणारा या दोघांपैकी कोणासच आपण काही केले असे वाटत नाही.

ज्यास आरंभ करावयाचाच आहे त्याने विकतचे जुने झाड घेऊ नये. सांगलीच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून, गच्चीच्या पन्हाळींतून पाखरांनी टाकलेल्या बियांपासून वड, पिंपळ, उंबर यांची रोपे दर पावसाळ्यात उगवतात, आणि भिंत फुटू नये म्हणून ती उपटली किंवा जाळलीही जातात. त्यांतील एक अलगद सोडवून घ्यावे. त्यास विस्ताराचा हक्क त्या भिंतीत नव्हताच. आपण त्याचे काही हिरावीत नाही, उलट काही देतो. ते पाच वर्षे सांभाळून पाहावे, आणि त्या अवधीत प्रवासाला निघण्यापूर्वी 'पाणी कोण घालील?' हा प्रश्न आपल्या मनात आपोआप येतो की नाही ते तपासावे. येत नसेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर झाड कुंडीतून काढावे, गुंडाळलेली मुळे मोकळी करावी आणि घराच्या भिंती व विहीर यांपासून चांगले दूर, गायरानात किंवा ओढ्याच्या काठी, ग्रामपंचायतीस विचारून ते लावावे. भोवती काटेरी कुंपण घालावे. पुढचे दोन उन्हाळे मात्र तेथेही पाण्याची घागर घेऊन जावे लागेल.