लाल शाईची नोंद

बीडकडचा एखादा जवान पेन्शनची 15 वर्षे भरण्याआधीच फौजेतून घरी येतो. शिस्तभंगाच्या शिक्षांच्या चार लाल नोंदी, वर 'नकोसा सैनिक' हा शेरा. गावात तो कुणाला काही सांगत नाही. अर्ज लिहून घ्यायला मात्र आमच्यासारख्यांकडे येतो. "भाई, अम्मी बीमार थी, ऐसा लिखो ना." अम्मी ठणठणीत होती, रजा संपूनही तोच परतला नव्हता.

लिहावे का? दयेपोटी लिहिले तरी खोटे ते खोटेच. गवाही स्वतःविरुद्ध गेली तरी खरीच द्यावी, ही कुराणाची ताकीद आपण व्याख्यानांत ऐकतो आणि अर्ज लिहिताना विसरतो.

पण चूक कबूल करणे म्हणजे शिक्षा मुकाट सोसणे नव्हे. चार नोंदी झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही. आधी चौकशी हवी, सेवेची वर्षे आणि खडतर नेमणुकाही पाहायला हव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितले. दाद मागायला 2007 च्या कायद्याने आलेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

म्हणून आम्ही चुकलेले दिवस मोजून लिहितो, आणि खाली बर्फात काढलेली वर्षेही. काहीजण कागद वाचून रागाने उठून जातात. आम्ही थांबवत नाही. त्या रात्री झोप मात्र लागत नाही.