न सुटणारा बोल्ट (गीता १८.२५)



आजचं चिंतन अठराव्या अध्यायातल्या पंचविसाव्या श्लोकावर. भगवंतांनी आधी सात्त्विक कर्म सांगितलं, मग राजस सांगितलं, आणि इथे तामस कर्माची ओळख करून दिली आहे. तामस म्हटलं की आपल्याला आळस आठवतो, झोप आठवते, दुपारी बारापर्यंत लोळणारा माणूस आठवतो. मलाही तसंच वाटायचं. पण हा श्लोक नीट वाचला तर त्यातला माणूस लोळत नाहीये, काम करतोय. कदाचित घाम गाळून करतोय. तो माणूस मीच निघालो, म्हणून आज हे लिहितोय.

गेल्या शनिवारी आम्ही मोऱ्याला, बाबांकडे गेलो होतो. बाबांची जुनी गाडी अंगणात उभी असते. तिचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ होऊन गेली होती. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. म्हणजे काम गरजेचं होतं, त्यात खोटं काही नाही. पण ते मीच करणार, घरीच करणार, हे मी ठरवलं होतं. मेकॅनिकल सोडून सॉफ्टवेअरला आलेल्या माणसाच्या मनात एक खुमखुमी असते ना, ती! ऑफिसच्या ग्रुपवर सकाळीच फोटो टाकला होता, ‘आज इंजिन.’

बेल्टपर्यंत जायचं तर आधी क्रँकशाफ्टची पुली काढावी लागते, आणि ती एकाच मोठ्या बोल्टने धरलेली असते. मॅन्युअलप्रमाणे तो साधारण १८० न्यूटन-मीटरला आवळायचा. पण वर्षानुवर्षं गरम-गार होऊन आणि समुद्राची खारी हवा खाऊन तो त्याच्या कितीतरी पट घट्ट बसला होता. शिवाय बोल्ट फिरवायला गेलं की शाफ्टही फिरते. म्हणून गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, बायकोला ब्रेकवर बसवलं आणि मी गोटी पाना लावला.

हिशोब सोपा आहे. एक फुटाच्या हँडलवर चाळीस किलोचा जोर दिला तर बोल्टवर साधारण १२० न्यूटन-मीटर पडतात. चार फुटांचा पाइप चढवला की तोच जोर ४८० होतो. मी नळाचा जुना पाइप चढवला. गंज सोडवणारं तेल मारलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा जोर लावला. नाही. सकाळचे दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. जेवायला हाक आली तर मी म्हटलं, “हे झालं की येतो.”

एक्स्टेन्शन रॉड लांब असल्यामुळे गोटी तिरकी होत होती. खरं तर रॉडखाली जॅकस्टँडचा आधार द्यायचा असतो. माझ्याकडे दुसरा स्टँड नव्हता. मी बाबांना म्हटलं, “बाबा, तुम्ही जरा खालून रॉड धरता?” सदुसष्ट वर्षांचा माणूस उकिडवा बसला. मी सगळं अंग पाइपवर टाकलं. गोटी बोल्टवरून सटकली आणि पाइप बाबांच्या मनगटावर आला.

त्या क्षणी मी आधी बोल्टकडे बघितलं. त्याचे कोपरे झिजले तर नाहीत ना, हे बघितलं. बाबांच्या हाताकडे त्यानंतर.

हाड मोडलं नव्हतं, बायकोने बर्फ लावला. पण तो एक सेकंद मला आठवडाभर सोडत नाहीये.

आणि मी तिथेही थांबलो नाही. एका व्हिडिओत युक्ती पाहिली होती, पान्याचं हँडल जमिनीला टेकवायचं आणि स्टार्टरला झटका द्यायचा. इंजिनच बोल्ट सोडवतं. मी बायकोला किल्लीवर बोट ठेवायला सांगितलं. मुलगी टॉर्च धरून दोन हातांवर उभी. तेवढ्यात बाबा खुर्चीतूनच म्हणाले, “अरे, पण हे इंजिन फिरतं कुठल्या बाजूला?”

बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिली तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. काही जुनी जपानी इंजिनं उलटी फिरतात, आणि आमचं त्यातलंच. त्या झटक्याने बोल्ट सुटला नसता, आणखी आवळला गेला असता. हँडलही ज्या बाजूला मी टेकवलं होतं तिकडे न दाबलं जाता उलट उसळलं असतं, मुलीच्या बाजूला. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. तरी ते माझ्या डोक्यात उरलं नव्हतं.

आता श्लोक बघा. भगवंत म्हणतात, चार गोष्टी न पाहता मोहाने सुरू केलेलं कर्म तामस. अनुबंध, म्हणजे यातून पुढे काय काय ओढलं जाईल. क्षय, म्हणजे काय खर्ची पडेल. हिंसा, म्हणजे कुणाला इजा होईल. आणि पौरुष, म्हणजे माझा आवाका किती. मी चारांपैकी एकही पाहिलं नाही. आणि मी आळशी नव्हतो. सकाळपासून उपाशी राबत होतो.

इथे एक प्रश्न पडतो, तुम्हालाही पडला असेल. दुसऱ्या अध्यायात तर सांगितलंय की फळावर तुझा अधिकार नाही. मग इथे परिणाम बघ म्हणून का सांगताहेत? परिणामाकडे न बघता काम करणं हाच तर निष्काम कर्मयोग ना?

मला आज उत्तर असं सुचतं, चुकलं तर सांगा. फळ म्हणजे त्या कामातून जे माझ्याकडे येणार. अनुबंध म्हणजे त्या कामाला जे-जे बांधलेलं आहे, आणि ते बहुधा दुसऱ्यांकडे जातं. माझं फळ सोडायचं आहे. दुसऱ्याला लागणारी झळ बघणं सोडायचं नाहीये. उलट, फळाला चिकटलं की डोळ्यांना अनुबंध दिसेनासा होतो. मला बेल्ट नको होता, मला सुटलेल्या बोल्टचा फोटो हवा होता, आणि तोही त्याच दिवशी. म्हणून बाबांचा हात दिसला नाही. फळाची आसक्ती सुटली की परिणाम उलट स्वच्छ दिसतात.

मग चिकाटीचं काय? आपल्याला शिकवलंय की सोडायचं नाही. पण याच अध्यायात दहा श्लोक पुढे तामसी धृतीही सांगितली आहे. म्हणजे धरून ठेवणं नेहमीच गुण नसतं. भय, शोक, मद हेसुद्धा माणूस घट्ट धरून ठेवतो. हट्ट आणि चिकाटी बाहेरून अगदी सारखे दिसतात. माझ्यापुरती ओळख अशी की चिकाटी थांबू शकते, हट्टाला थांबता येत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर हे अनेकदा दिसतं. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही, भाऊच्या धक्क्याच्या फेऱ्या थांबतात. पाणी चढलं की पुन्हा सुरू होतात. गाळातून लाँच रेटत नाही म्हणून खलाशाला कुणी भित्रा म्हणत नाही.

रविवारी ओळखीच्या एका मेकॅनिककाकांकडून पुलीच्या षटकोनी खळग्यात बसणारा होल्डर आणला, रॉडखाली स्टँड दिला. होल्डरने पुली धरली, शाफ्ट फिरायचा प्रश्नच मिटला. एकट्याने, सावकाश, सारखा जोर दिला. कट्‌ असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला. पण खरं सांगतो, नसता सुटला तरी शनिवारी थांबणंच बरोबर होतं. आणि शनिवारी स्टार्टरच्या झटक्याने सुटला असता, तरी तो झटका तामसच ठरला असता.

फोटो काढला नाही. संध्याकाळी बाबांपाशी बसलो आणि म्हटलं, “बाबा, मी आधी बोल्टकडे बघितलं.” ते म्हणाले, “बघितलं मी.” एवढंच. मनगट अजून सुजलेलं होतं.

आजचा अभ्यास: आज एखादं काम अडलं, मग ते शुक्रवारी रात्रीचं डिप्लॉयमेंट असो की घरातला वाद, तर जोर वाढवण्याआधी चार प्रश्न विचारा. पुढे काय ओढलं जाईल? काय खर्ची पडेल? कुणाला लागेल? आणि हे माझ्या आवाक्यातलं आहे का? शेवटी एकदा आजूबाजूला बघा, तुमच्यासाठी रॉड कोण धरून बसलंय.

श्रीकृष्णार्पणमस्तु.