भोळा कोणास म्हणावे?

गावात कोणी फसला की शेजारी सहज म्हणतात, "बिचारा भोळा आहे हो!" हा शब्द दयेचा की दोषाचा? हल्ली बक्षिसाच्या किंवा पेन्शनच्या नावाने फोन येतो, वृद्ध मनुष्य विचारलेला आकडा सांगून बसतो व बँकेतील पुंजी नाहीशी होते. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. शंकरास लोक भोळा म्हणतात ते स्तुतीने; त्याचाच 'भोळसट' केला की निंदा होते. शास्त्रात मात्र शब्द निराळे आहेत. नीतिसूत्रे 14:15 येथे, जो ऐकेल ते सारे खरे मानतो त्यास इब्री भाषेत 'पेथी' म्हटले आहे. त्याच्या धातूचा अर्थ 'उघडे असणे'. म्हणजे दार आहे, पण कडी नाही असे मन. हा दोषच होय. परंतु रोमकरांस पत्र 16:18 येथे गोड भाषणाने भुलविलेल्यांविषयी पौल 'आकाकोस' हा ग्रीक शब्द योजितो. ज्याच्या ठायी कपट नाही, तो आकाकोस. तेथे दोष भुलविणाऱ्याच्या माथी आहे. आपण दोघांसही एकाच नावाने हाक मारितो, आणि लबाड मात्र बाजूस राहतो.

आपल्या देशात असे पूर्वीही घडले आहे. शेतकरी न वाचलेल्या कर्जरोख्यावर नांगराची निशाणी करी, आणि कोर्ट कागद पाहून निकाल देई. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा होऊन असे कागद जाळण्यात आले. दंग्याचे आम्ही समर्थन करीत नाही. तथापि 1879 च्या दक्खन शेतकरी कायद्याने कोर्टास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्यास सांगितले. निशाणी का केली एवढेच न विचारता, खरोखर किती दिले हे सावकारासही विचारावे, असा त्याचा रोख होता.

उपदेशक बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फसलेला मनुष्य पैशापेक्षा या शब्दास अधिक भितो. मुलगा हसेल, मंडळीत बोलबाला होईल, म्हणून तो दोन-दोन दिवस तोंड उघडीत नाही. आणि 1930 या सरकारी क्रमांकावर लागलीच कळविले तरच पैसा वाटेत अडविता येण्याची आशा असते. तो तुमच्या दारी आला, तर कसा फसलास हे मागाहून विचारा. आधी फोन लावून द्या.