हिरवी जाळी

शेजाऱ्यांनी दुसरा मजला चढवला आणि त्याची खिडकी नेमकी आमच्या सांदवाडीवर उघडली. आईनं मागच्या अंगणात केस वाळवणं सोडलं. हिरवी जाळी लावावी, तर अमरावतीच्या मे महिन्यात होता तो वाराही अडणार.

झाकण्याचे कष्ट कुणी घ्यायचे? १८८२च्या इझमेंट कायद्यात एक उदाहरण आहे: गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घरातला आडोशाचा भाग दिसेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. म्हणजे आवरायचं बघणाऱ्यानं. आमच्याकडे जाळीचा खर्च बाबांचा, उकाडा आईचा.

चिडूनच जाळी बांधायला गच्चीवर गेलो. तिथून चार सांदवाड्या स्वच्छ दिसत होत्या. एकीतल्या काकू भांडी तशीच टाकून आत गेल्या. या गच्चीवर आम्ही दर उन्हाळ्यात झोपतो.