वडिलांची जावा



एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले, तर शेवटी उरते ती तीच वस्तू की दुसरी? प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने हा प्रश्न नोंदवून ठेवला आहे. अथेन्सचे लोक जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले आणि तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सेमिनरीत आम्ही यावर तासन्‌तास वाद घालीत असू.

आपल्यातील एका बंधूंना हाच प्रश्न मोटारसायकलवरून पडला. त्यांच्याकडे वडिलांची, १९६८ साली म्हैसूरला तयार झालेली जावा आहे. मेकॅनिकने चेन बदलायला सांगितली; यांचा जीव होईना. म्हणाले, “फादर, ही चेन बाबांनी स्वतःच्या हाताने बसवली होती.”

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद तसे ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. केसाएवढी फट पडते, आणि साऱ्या सांध्यांची फट मिळून चेन लांबते. लांबी दोन-तीन टक्क्यांनी वाढली, की तिचे दिवस भरले समजावे. अशी चेन दात्यांवरून उडते; तुटून अडकली तर मागचे चाक जाम होऊ शकते. जावाची चेन बंद आवरणात असते, त्यामुळे ही झीज सहज दिसतही नाही.

मी विचारले, “मागे कोण बसते?”

“मुलगी. तिला शाळेत सोडतो.”

माझ्या मते, इथे थीसियसने थोडे थांबावे. आठवण जपण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्या आठवणीचा धोका मागे बसलेल्या लेकरावर लादण्याचा हक्क कोणालाच नाही.

तरीही मूळ प्रश्न पोरकट नव्हे. हॉब्सने १६५५ साली त्याला आणखी एक पीळ दिला: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? या बंधूंच्या माळ्यावर जुन्या भागांचा डबा आहेच! (आरटीओला असले प्रश्न पडत नाहीत, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर जुळला की झाले.) मला ॲरिस्टॉटल जवळचा वाटतो. वस्तू म्हणजे नुसते द्रव्य नव्हे. तिची घडण आणि तिचे कार्यही त्यात आले. शिवाय, वडिलांनी ही चेन बसवली ती आधीची झिजलेली काढूनच. ती काही त्यांनी जपून ठेवली नव्हती.

बंधू तयार झाले. स्प्रॉकेटचे दाते शाबूत निघाले. ते आकड्यासारखे वाकले असते, तर तेही बदलावे लागले असते, कारण असे दाते नवी चेन थोड्याच दिवसांत खातात. आवरणातून चेन ओवण्याची मेकॅनिकची रीत मला फार आवडली. जुनी चेन सोडवून तिच्या टोकाला नवी जोडायची आणि जुनी हळूहळू ओढत राहायचे. जुनी बाहेर येते, नवी तिच्याच वाटेने जागेवर जाते. मग लॉकची क्लिप बसवायची. तिचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवे. उलटे बसले, तर क्लिप निसटण्याची भीती असते. ते त्यांनी दोनदा तपासून घेतले.